विकतचं केळं

सकाळी स्वयंपाकघरात मिक्सर घरघरला की माझं डोकं फिरायला लागतं. चटणी वाटत असती तर मी काही बोलले नसते. पण माझी धाकटी सून चारुलता त्या भांड्यात काय काय टाकते ते पाहिलं तर वाटावं, बाजार उठल्यावर भाजीवाल्याची पाटी हिनेच उपडी करून आणली. पपई, सफरचंद, पालकाची चार पानं, रात्री भिजवलेलं जवस, आणि सगळ्यात वर डब्यातली पांढरी पावडर. बटण दाबलं की त्याचा शेवाळी चिखल होतो. त्याला म्हणायचं स्मूदी.

"फार पौष्टिक असते, आई," ती म्हणते.

"सरकीची ढेपही पौष्टिकच असते व माय. पण ती म्हशीपुढे ठेवतात."

ती उलटून बोलत नाही. धुळ्याच्या मुली उलटून बोलत नाहीत, भांडी जरा जोरात ठेवतात.

ते माझ्यासाठी असतं तर मी पेला मोरीत ओतून मोकळी झाले असते. पण ते आमच्या ह्यांच्यासाठी होतं. ह्यांचं नाव लोटन. रावेरकडच्या आमच्या गावात लहानथोर सगळे त्यांना आबा म्हणतात, म्हणून मीही आबाच लिहिते, म्हणजे नाव घ्यायला नको. होळीच्या आधी आबांना लकवा मारला. उजवा हात गेला, जीभ जड झाली आणि गिळणं बिघडलं. हात पुढे थोडा हलू लागला, पण घास काही धड उतरेना. पाणी दिलं की ठसका. चहा दिला की ठसका, असा की डोळे पांढरे व्हायचे. दवाखाना धुळ्यात, आणि धाकटा मुलगा हितेंद्र तिथेच देवपुरात राहतो, म्हणून आम्ही दोघं त्याच्या तिसऱ्या मजल्यावर येऊन पडलो. हितेंद्र कामानिमित्त सदा नाशिकला. घरात मी, आबा, चारुलता आणि तो मिक्सर.

मागच्या खेपेला डॉक्टरांनी आबांना काट्यावर उभं केलं आणि चष्मा काढून ठेवला. डॉक्टरांनी चष्मा काढला की समजायचं.

"वजन असंच उतरत राहिलं तर पुढच्या सोमवारी नाकातून नळी घालावी लागेल, आजी. पोटात अन्न तर गेलं पाहिजे."

ती नळी आबांनी पाहिलेली होती. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला घातली होती. तो ती उपसून काढायचा, म्हणून त्याचे दोन्ही हात खाटेला बांधून ठेवायचे. आबा दिवसभर त्याच्याकडेच बघत पडायचे. डॉक्टर बाहेर गेले तसं आबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि मान हलवली. नाही. जीभ वळत नव्हती, पण ते नाही मला चांगलं कळलं.

"नाही घालू देत," मी म्हटलं. "माझा शब्द."

शब्द देऊन बसले. पण शब्द पाळायचा तर आबांनी तोंड उघडायला हवं ना! चारुलतेच्या स्मूदीचा चमचा ओठाला लागला की ते तोंड असं मिटायचे जसं काही सावकाराने तिजोरी लावली. आणि मी तरी काय म्हणणार? मी बोट लावून चाखलं होतं. ती पांढरी पावडर घट्ट करायची होती, आणि तिची चव धुवायच्या कपड्यांना लावतात त्या खळीसारखी होती.

पावडर टाकायला हर्षिता मॅडमने सांगितलं होतं. हर्षिता मॅडम म्हणजे गिळायला शिकवणारी. गिळायला शिकवायला माणूस येतं हे मला ह्या वयात कळलं. कालपरवाची पोर, मारवाडी घरातली, बोलायला गोड. खुर्ची ओढून आबांसमोर बसली आणि मला म्हणाली, "आजी, पातळ काही द्यायचं नाही. पातळ पटकन छातीत जातं. मधासारखं घट्ट पाहिजे. चमचा वाकडा केला की सावकाश पडलं पाहिजे, धार नको. आबांची हनुवटी खाली, छातीकडे. चमचा लहान. एक गिळला, घसा मोकळा झाला, मगच दुसरा."

"आणि ती खळ?"

"पावडर आवडत नसेल तर पिकलेलं केळं घाला ना! केळ्याने स्मूदी आपोआप घट्ट होते. दही, खजूर, शिजवलेले ओट, आणि छान पिकलेली दोन केळी. ताकद पण येते."

केळं म्हटल्याबरोबर आबांनी डोळे उघडले. कोणी पाहिलं नसेल, मी पाहिलं.

त्याच संध्याकाळी चारुलता कॉलेजातल्या नोकरीवरून येताना पिशवी घेऊन आली आणि ओट्यावर डझनभर केळी ठेवली.

"हे काय?"

"केळी, आई. मॅडम म्हणाल्या ना."

"कुठून आणली?"

"खाली नथ्थूची गाडी असते ना, तिथून."

"विकत?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. धुळ्यात वाढलेली मुलगी, तिला काय कळणार! आमच्या गावात चहूबाजूला केळीच केळी. पाहुणा आला आणि जाताना त्याच्या पिशवीत एक फणी गेली नाही, असं होत नाही. देवाला, ओटीला, बाळंतिणीला, मयताच्या घरी, सगळीकडे केळी आपल्या बागेतली. आपली कापणी नसली तर भाऊबंदाच्या बागेतली, हक्काने तोडून आणायची. गावात केळ्याची गाडी लागत नाही, कारण घेणार कोण? एकदा वना पाटलाची सून सावद्याच्या स्टँडवर अर्धा डझन केळी घेताना कोणाला तरी दिसली. महिनाभर गावात तेच. वनाच्या बागेला काय झालं? भावाभावात फाटलं का? बिचाऱ्या वनाला पारावर बसणं नको झालं होतं. आणि आता आबांच्या घरात, ज्यांच्या बागेतले घड बघायला लोक जीप करून यायचे, त्या घरात नथ्थूच्या गाडीवरची केळी!

"आई, ती केळी तरी रावेरचीच असणार," चारुलता म्हणाली. "धुळ्यात काय केळी पिकतात?"

"कुठलीही असू दे. पैसे मोजून आणलेली ना? आपल्या घरात केळं विकत येत नाही."

ती केळी मी उचलली आणि जिने उतरून खालच्या वॉचमनला देऊन आले. गुडघे बोलत होते, तरी गेले. वर आल्यावर चारुलतेने कपाट जरा जोरात लावलं.

मग मी गावी मोठ्या मुलाला, भाईदासला फोन लावला. शेती तोच बघतो.

"आबांसाठी एक घड पाठव. चांगला भरलेला. विहिरीजवळच्या केळीचा."

"माय, विहिरीजवळच्या केळी कुठी राहिल्या आता? त्या मागच्या साली काढल्या ना."

"कोणाले विचारून?"

"ठिबकची लाइन आडवी येत होती. आणि आबांनीच सांगितलं होतं."

ते खरं असेल नसेल, आबांना विचारायची सोय नाही हे त्याला माहीत होतं. विहिरीजवळच्या पाच-सहा केळी घरासाठी असायच्या. घड झाडावरच पुरा भरू द्यायचा, वरचं केळं पिवळं पडू लागलं की कापायचा आणि माळ्यावर टांगायचा.

"मंग घरी खायले काय ठेवता तुम्ही?"

"सगळी टिश्यूच्या रोपांची बाग आहे, माय. घड एकदम निसवतात, एकदम कटतात. गाडी येते, माल बाहेरदेशी जातो. पण पाठवतो मी एक घड. एक नंबरचा माल आहे, फोटो काढायसारखा."

आणि खरंच फोटो काढायसारखाच होता. धुळ्याकडे येणाऱ्या कोणाच्या तरी पिकअपमध्ये तो आला. फण्या कापून, फेसाच्या कागदात गुंडाळून, खोक्यात. एकावर डाग नाही, ओरखडा नाही, सगळ्या फण्या सारख्या. मी एक केळं हातात घेतलं आणि दाबून पाहिलं. हिरवंगार. सालीच्या धारा अजून बोटाला टोचत होत्या. बाहेरदेशी जाणारा माल पाऊणच भरला असताना कापतात, जहाजात महिना काढायचा असतो ना त्याला! तिकडे गेल्यावर थंड खोलीत घालून, हवा देऊन पिकवतात. असलं केळं घरात पिकत नाही. पिकलं तरी नुसतं मऊ पडतं, गोड होत नाही. हे मला कोणी सांगायला नको होतं. भाईदासलाही नको होतं. तरी त्याने पाठवलं, आणि मी ठेवून घेतलं.

ठेवून घेतलं, कारण दुसरं करणार काय? सोमवार लांब होता तोवर मी म्हटलं, पिकवून दाखवते. आयुष्यभर घरची केळी मीच पिकत घातली. पण घरी तणस असतं, कणगी असते, गोवरीचा धूर असतो. इथे काय? सगळी गुळगुळीत फरशी. मी कॉलनीतल्या कडुनिंबाचा पाला आणला, पोतं मिळेना म्हणून हाताला लागलं त्या कापडात फण्या गुंडाळल्या, हितेंद्रच्या कपड्यांच्या कपाटात खालच्या कप्प्यात ठेवल्या, आणि वाटीत धूप पेटवून दार लोटून घेतलं.

धूर थोडाच कपाटात राहतो! शेजारची बाई बेल वाजवून विचारून गेली, कुठे काही जळतंय का. चारुलता धावत आत आली, कपाट उघडलं, आणि तिच्या तोंडून नुसतंच "आई!" निघालं.

आग लागली नव्हती. पण मी ज्यात फण्या गुंडाळल्या ते कापड म्हणजे तिच्या आईने दिलेली पलंगाची नवी चादर होती. कापलेल्या देठातून चीक गळून चादरीवर ओघळ आले होते, आणि वाळून काळे पडले होते. केळीचा चीक लागला की तो डाग कापड फाटेपर्यंत राहतो. साबण, लिंबू, घासलेट, काही करा. गावी आम्ही बागेत जायचे कपडेच वेगळे ठेवतो. पण तिकडे घरातलं प्रत्येक कापड कुठे ना कुठे डागलेलंच असतं, त्यामुळे मला काही चादर बिदर सुचलंच नाही.

"एक चादर गेली, त्याचं काय एवढं!" मी म्हटलं.

"चादरीचं नाही हो, आई." तिचा आवाज पहिल्यांदाच चढला. "सोमवार जवळ येतोय. आबा दिवसभरात चार चमचे खातात. खाली पिकलेली केळी आहेत. चार पावलांवर आहेत! आणि तुम्ही कपाटात धूर करताय."

"माझ्या नवऱ्याला काय द्यायचं ते मला शिकवू नको."

"मग द्या ना! काहीतरी द्या!"

मी चादरीची घडी घालत बसले. डाग आत जाईल अशी घडी घातली.

मधले दिवस कसे गेले ते काय सांगू! पावडर नको म्हणून मी चारुलतेला नुसत्या पपईची स्मूदी करायला लावली. ती पातळ झाली. पहिल्याच चमच्याला आबांना असा ठसका लागला की चेहरा जांभळा पडला, हर्षिता मॅडमला फोन करून बोलवावं लागलं. ती नुसतं "आजी, घट्ट. घट्टच," एवढं म्हणाली. पुढे भाकरी दुधात कुस्करून पाहिली, तिचे कण घशाला लागले. शिरा पाहिला, तो टाळूला चिकटला. पुन्हा पावडरीची स्मूदी, पुन्हा तिजोरी बंद. आबांचं धोतर कमरेला राहीना, मी त्याला गाठ मारली.

आणि रोज उठून मी कपाट उघडायची, केळं दाबून बघायची. हिरवं. चारुलतेने मला न विचारता फण्यांमध्ये दोन सफरचंदं ठेवली होती, पिकलेल्या फळाजवळ कच्चं लवकर पिकतं म्हणे. मी ती पाहिली आणि काढली नाहीत. दोघी मिळून एका हट्टी घडाची सेवा करत होतो.

शनिवारी सालीवर पिवळटपणा आला. आला म्हणजे काय, कावीळ झालेल्या माणसाच्या डोळ्यांत येतो तेवढा. पण मला तेवढाच दिसला. मी त्यातली दोन केळी सोलली. साल निघेना, सुरीने काढावी लागली. आत पांढरं, खडूसारखं. तरी मी दही घातलं, खजूर घातले, मिक्सर इतका फिरवला की तो गरम झाला. चारुलता दारात उभी होती.

"आई, ते पिकलेलं नाही."

"मला दिसतं."

"मग?"

"घरचं आहे."

आबांना खुर्चीत बसवलं, हनुवटी खाली घेतली, चमचा पुढे केला. "अहो, आपल्या बागेतलं केळं आहे. भाईदासने पाठवलं." आबांनी तोंड उघडलं. कितीतरी दिवसांनी आपणहून उघडलं! मला इतका आनंद झाला की चमचा भरून दिला. आबांनी तो जिभेवर घेतला, थोडं थांबले, आणि मग सगळं माझ्या पदरावर थुंकलं. गुठळ्याच होत्या, तुरट. आणि इतक्या दिवसांत ज्या जिभेतून धड "पाणी" निघालं नव्हतं, तिच्यातून शब्द निघाला.

"कच्चं."

दारात चारुलता तोंडावर हात धरून उभी राहिली. हसत होती की रडत होती, देव जाणे. मला तर त्या माणसाला गदागदा हलवावंसं वाटलं. बोलायचंच होतं तर दुसरं काही बोलायचं होतं! माझं नाव घ्यायचं, पोराचं घ्यायचं. पहिला शब्द बोलला तो माल नापास करायला.

पण ते खरं होतं. केळ्याच्या बाबतीत ते खोटं बोललेच नाहीत कधी. गाडीभर माल असला आणि एक फणी कच्ची निघाली तरी व्यापाऱ्याला सांगायचे.

रविवारी सकाळी मी कपाटातल्या फण्या पुन्हा फेसाच्या कागदात गुंडाळून खोक्यात भरल्या आणि खोकं उचललं. निम्म्याच फण्या घेतल्या, तरी जिन्यात दोनदा टेकावं लागलं. चारुलता मागून म्हणाली, "आई, मी घेते," मी म्हटलं, "तू वर थांब." तिच्यासमोर मला ते करायचं नव्हतं.

नथ्थूची गाडी गेटाबाहेर लिंबाखाली असते. गाडीच्या एका अंगाला पिकलेली केळी टांगलेली, दुसऱ्या अंगाला शेगडी आणि कढई. कच्ची केळी तो किसणीवर धरून सरळ तेलात पाडतो आणि गरम वेफर्स कागदात बांधून देतो. मी येता-जाता ते पाहिलं होतं.

"काय जोयजे, अक्का?"

"काही नाही पाहिजे. पाहू राह्यली."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि दात काढले. "मन्या केळी वॉचमनले देणाऱ्या अक्का तुम्हीच ना? त्यानी सांगं मले. दोन दिवस केळीच खाये तो."

"हो, मीच. आणि तुझे वेफर्स जाड पडू राह्यले. तेल तापलं नाही तुझं."

"आते तापीन. बोला, डझन देऊ? बठ्ठा माल गोड शे."

"विकत नको."

"मंग काय फुकट देऊ?" असं म्हणून तो हसला, आणि मी खोकं त्याच्या गाडीवर ठेवलं तसा हसायचा थांबला. फेसाचा कागद काढला. आमच्या फण्या उन्हात चमकल्या. मी कितीही चिडले असले तरी सांगते, माल देखणा होता. नथ्थूने एक केळं तोडलं, नखाने देठ दाबला, चीक बघितला.

"कोठला माल शे हाऊ? डाग नही, काही नही. असा माल आमले दखाले बी मिळत नही."

"आमच्या बागेतला. रावेरकडचा. बाहेरदेशी जातो." माझी मान आपोआप वर झाली. "तुझ्या कढईसाठी बरा आहे का सांग."

"बरा काय, एक नंबर!"

"मग हा घे. आणि मला त्याच्या बदली पिकलेली दे. पैशाची गोष्ट काढायची नाही. माल घे, माल दे."

त्याने डोकं खाजवलं. बाजारात असं कोणी करत नाही हे मलाही माहीत होतं. पण गावी असंच चालतं. माझ्याकडे भरीताची वांगी असली आणि तुझ्याकडे मिरच्या असल्या, तर पिशवी इकडची तिकडे होते, त्याला कोणी विकत म्हणत नाही. नथ्थू एकदा फण्यांकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"बरं, ल्या," तो म्हणाला आणि समोरच्या पिवळ्याधमक फणीला हात घातला.

"ती ठेव तुझ्या गिऱ्हाइकांना. तिला नुसता रंग आहे. मला त्या दे." गाडीच्या खाली टोपलीत साल काळ्या ठिपक्यांनी भरलेली केळी पडली होती, जी कोणी उचलत नाही.

"त्या कालदिनन्या शेतस, अक्का. गायले टाकणार व्हतू मी."

"तुझी गाय हुशार आहे."

मी फणी नाकाशी नेली. वास होता. आमच्या माळ्यावरच्या घडासारखा नव्हता, तेवढं काही मी म्हणणार नाही. पण वास होता. मी हाताला लागतील तेवढ्या फण्या पिशवीत भरल्या, आणि नथ्थूनेच आणखी दोन वर टाकल्या. सौद्यात तो फायद्यात होता, दोघांनाही कळत होतं. जाताना त्याने गरम वेफर्सचा पुडा हातात ठेवला. चांगले होते. त्याला सांगितलं नाही.

वर आले तर चारुलता ओट्यापाशी उभी. मिक्सरचं भांडं धुऊन ठेवलेलं, खजूर भिजवलेले, दही फडक्यात टांगून घट्ट केलेलं. तिने पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि कुठून आणली ते विचारलं नाही. हे मात्र तिचं मला आवडलं.

"ओट शिजवून ठेवलेत," ती म्हणाली. "गार झालेत."

"दोन चमचेच घाल. पेज नाही करायची."

नुसतं बोट लावलं तशी साल सुटली. दोन केळी कुस्करून टाकली, घट्ट दही, खजूर बिया काढून, ओट, चिमटीभर वेलची. पालक नाही. जवस नाही. पावडर नाही. फिरवून झाल्यावर मी गाळणीतून घासून काढलं, एक रेषा, एक कण राहू दिला नाही. मग चमचा बुडवला आणि वाकडा केला. थेंब चमच्याच्या टोकाला आला, लोंबकळला, विचार करत बसला, आणि मग सावकाश पडला.

"मधासारखं," चारुलता हळूच म्हणाली.

आबा खिडकीपाशी खुर्चीत होते. कालच्या प्रकारानंतर मला बघून त्यांनी आधीच ओठ आवळले होते. मी वाटी त्यांच्या नाकाखाली धरली फक्त. नाकपुड्या हलल्या. ओठ सैल पडले. चारुलतेने त्यांची हनुवटी खाली धरली, मी लहान चमचा दिला. घशाची गाठ वर गेली, थांबली, आणि खाली आली. ठसका नाही. दुसरा चमचा. तिसरा. तिसऱ्याला तर त्यांनी माझा हातच धरला, चमचा ओढायला.

"सावकाश! कोणी पळवून नेत नाही."

निम्मी वाटी झाल्यावर आबा थांबले. भुवया वर केल्या. आमच्याकडे कोणाच्याही घरी केळं खाल्लं की पहिला प्रश्न असतो तोच त्यांनी विचारला. जीभ ओढत, अर्ध्या तोंडाने.

"को... कोणाचं?"

म्हणजे कोणाच्या बागेतलं. चारुलतेने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं असेल, म्हातारी आता म्हणेल आपल्याच बागेतलं. माझ्या तोंडावर आलंही होतं. पण कालचं "कच्चं" अजून पदरावर होतं, आणि ह्या माणसाला केळ्याच्या बाबतीत फसवता येत नाही.

"नथ्थूचं," मी म्हटलं.

"कोण न..."

"खालचा. गप गिळा."

आबांच्या तोंडाची डावी बाजू वर गेली. उजवी गेली नाही, पण हसले ते हसलेच. मग तोंड उघडलं आणि वाट बघत राहिले. वाटी रिकामी झाली. संध्याकाळी दुसरी केली, तीही गेली.

सोमवारी डॉक्टरांनी काट्याकडे पाहिलं. वजन काही वाढलं नव्हतं, एका दिवसात काय वाढणार! पण उतरलंही नव्हतं. हर्षिता मॅडमने तिथेच वाटीतले चमचे देऊन दाखवले, डॉक्टरांनी आबांच्या घशाला बोटं लावून गिळणं पाहिलं. "ठीक आहे," ते म्हणाले, "नळीचं आणखी एक आठवडा थांबू. असंच खात राहिले तर कदाचित लागणारही नाही." चष्मा त्यांनी काढला नाही. आबांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं होतं, ते बाहेर रिक्षात बसेपर्यंत सोडलं नाही.

आता खरं तर मी खुश असायला हवं. पण घरी आले तर चारुलता फोनवर हितेंद्रला हसत हसत सांगत होती, "अहो, आईंनी स्वतः जाऊन केळी विकत आणली!"

"विकत नाही!" मी स्वयंपाकघरातून ओरडले. "बदली! नीट सांग त्याले, बदली आणली!"

आणि दुसरी चिंता ही की घरच्या घडाच्या फण्या आता निम्म्याच उरल्यात. त्या नथ्थूकडे गेल्या की माझ्याकडे द्यायला काही नाही, आणि तो दिवस आला की मला बटव्याची दोरी सोडून उभं राहावं लागेल, गेटाबाहेर, भर रस्त्यावर. रावेरचं कोणी माणूस तेवढ्यात तिथून जाणारच, ह्यात मला शंका नाही.

म्हणून मी भाईदासला फोन लावला.

"आणखी एक घड पाठव. उद्याच्या उद्या."

"हो माय. मी विचारून ठेवलंय, भाऊबंदाच्या बागेत एक पुरा भरलेला घड आहे, झाडावर पिकू लागलेला..."

"तो तुम्ही खा. मला तो मागचाच पाहिजे. बाहेरदेशीचा."

"पण माय, तो तर कच्चा! त्याचं करशील काय?"

"वाद घालू नको. कच्चाच पाठव. आणि डाग नको एकावरही, आमचा इथला व्यापारी देठ दाबून पाहतो."